ऐकू येते, पण दिसत नाही

‘वसंतात डोंगरातल्या जंगलवाटेवर पक्ष्यांचे आवाज चहूबाजूंनी येतात, पण दिसत मात्र काहीच नाही, तुम्हांला कसे दिसते?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझे उत्तर असे, की आवाज ऐकू आला तेव्हाच निम्मे काम झालेले असते. उरलेले निम्मे आपण पुढे चालत राहिल्यामुळे फुकट जाते.

दिवस मोठा होऊ लागला, की पक्ष्यांच्या शरीरात विणीची तयारी सुरू होते आणि नर आपापली हद्द गाऊन जाहीर करू लागतात. हद्द राखणारा नर कुठेही बसून गात नाही. त्याच्या बसण्याच्या जागा बऱ्याचदा ठरलेल्या असतात आणि तो पुन्हा पुन्हा तेथेच येतो. म्हणून गाणाऱ्या पक्ष्याच्या मागे धावू नये. आवाजाची दिशा धरावी, त्या बाजूच्या फांद्यांची उघडी टोके हेरून ठेवावीत आणि एकाच जागी अर्धा तास उभे राहावे. हा अर्धा तास शब्दशः घ्यावा, कारण आपल्या पावलांनी गप्प झालेले जंगल पुन्हा बोलते व्हायलाच बराच वेळ जातो. पहाट तर मुळीच चुकवू नये. तेव्हा हवा स्थिर असल्याने आवाज लांबवर पोहोचतो, आणि कस्तुरासारखे मोठ्या डोळ्यांचे पक्षी अपुऱ्या उजेडातही इतरांच्या आधी गायला लागतात.

उभे कुठे राहायचे, हे डोंगर सांगतो. दर १००० मीटर उंचीला हवा साधारण ६.५ अंश सेल्सिअसने थंड होत असल्यामुळे वसंत पायथ्याला आधी येतो आणि मग हळूहळू वर चढतो. त्याच्या मागोमाग हिवाळ्यात खाली उतरलेले पक्षीही वर सरकतात. एकाच दिवशी खाली पिल्लांना भरवणे चालू असते आणि वर हद्दींवरून भांडणे. मला सर्वांत आवडतो तो या दोहोंमधला पट्टा, जेथे पालवी नुकतीच फुटलेली असते: कोवळ्या पानांवर अळ्या आलेल्या असतात, त्या टिपायला पक्षी आलेले असतात आणि पाने अजून आडोसा करण्याइतकी मोठी झालेली नसतात. तेथे वाटेचे असे वळण शोधावे, की खालच्या उतारावरील झाडांचे शेंडे आपल्या डोळ्यांच्या पातळीला येतील. सपाट जंगलात मान वर करून जे पाहावे लागते, ते येथे समोर दिसते.

सुतारपक्ष्याकडे मी विशेष लक्ष देतो. वसंतात तो पोकळ, वाळक्या फांदीवर जो ताशा वाजवतो, तो अन्नासाठी नसून ते त्याचे गाणेच असते. वाटेवर ताज्या, फिकट ढलप्या पडलेल्या दिसल्या, तर मान वर करावी. ढोलीचे काम चालू असण्याची शक्यता असते. जुन्या ढोल्यांत पुढे शिलींध्रीसारखे (इंग्रजीत नटहॅच) छोटे पक्षी संसार थाटतात, आणि यूरोप-आशियातील एक शिलींध्री तर ढोलीचे तोंड मोठे वाटले की चिखलाने लिंपून आपल्या मापाचे करून घेते. खोडावर या दोघांना वेगळे ओळखणे सोपे आहे. सुतार शेपटीचा टेकू देऊन वर चढतो. शिलींध्रीला टेकू लागत नाही, त्यामुळे ती एक पाय वर अडकवून, दुसरा खाली रोवून, डोके खाली करून सरसर उतरू शकते.

इतर वन्यप्राणीही बहुधा पक्ष्यांमुळेच कळतात. लहान पक्षी एका जागी जमून कर्कश ओरडत असतील, तर तेथे घुबड, साप किंवा रानमांजर असू शकते. उत्तर अमेरिकेतील चिकॅडी या चिमुकल्या पक्ष्याच्या ‘चिक-अ-डी’ अशा इशाऱ्यात तर शत्रू किती धोकादायक, तेही असते. चपळ, लहान शिकारी पक्ष्यासाठी ती शेवटचा ‘डी’ अधिक वेळा उच्चारते, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. मात्र अस्वलांच्या मुलखात माझा शांततेचा आग्रह बाजूला ठेवावा. हिवाळी झोपेतून उठलेली अस्वले बर्फ वितळलेल्या उतारांवर कोवळे गवत खायला येतात, तेव्हा आंधळ्या वळणावर मोठ्याने बोलत जाणेच योग्य.

दुर्बीण ८×४२ ची पुरे. आठपटीत हात कमी थरथरल्यासारखा वाटतो आणि ४२ मिलिमीटरचे भिंग रानातल्या सावलीत पुरेसा उजेड देते. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणावी.

पक्षी बाहेर यावा म्हणून मोबाईलवर त्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवणे मला अजिबात मान्य नाही. नराला ते हद्दीत शिरलेल्या परक्याचे आव्हान वाटते, आणि ऐन विणीत पिल्लांना भरवायचे सोडून तो नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. तसेच चोचीत अळी धरलेला पक्षी जवळच्या फांदीवर अस्वस्थपणे ओरडत असेल आणि अळी गिळतही नसेल, तर आपण त्याच्या घरट्याच्या वाटेत उभे आहोत असे समजावे. तेथे कॅमेरा न काढता, आल्या पावली मागे फिरावे आणि तो घरट्यात जाईल इतके लांब जाऊन थांबावे.