मँचेस्टरचं हेन्री वॉटसन संगीत ग्रंथालय

मँचेस्टरच्या सेंट पीटर्स स्क्वेअरला ट्राममधून उतरलं की समोरच सेंट्रल लायब्ररीची गोल, खांबांची इमारत दिसते. ती १९३४ साली उघडली. मी मात्र आले होते तिच्या आतल्या हेन्री वॉटसन संगीत ग्रंथालयासाठी. बर्नलीला जन्मलेल्या या संगीतकाराने आयुष्यभर जमवलेला संग्रह १८९९ साली शहराला देऊन टाकला.

मी हिंदुस्थानी पद्धतीचं व्हायोलिन वाजवते, त्यामुळे सगळी ओढ विवाल्डी या अठराव्या शतकातल्या इटालियन संगीतकाराच्या बारा सोनाटांच्या (व्हायोलिनसाठीच्या रचनांच्या) हस्तलिखिताकडे. दुर्मीळ संग्रह पाहायला आधी वेळ ठरवावी लागते, आणि सोबत पेन नाही, फक्त पेन्सिल. पान उघडलं. वर व्हायोलिनची ओळ, खाली बेसची, म्हणजे खालच्या स्वरांच्या साथीची, बस्स. बाकीचं वाजवणाऱ्यानं भरायचं. आपल्याकडची बंदिशही कागदावर अशीच सुटसुटीत दिसते, आणि गळ्यात गेली की केवढी फुलते!

या बारा सोनाटांचा प्रवास विलक्षण आहे. रोमचे कार्डिनल ओत्तोबोनी यांच्या संग्रहातून त्या इंग्लंडात चार्ल्स जेनन्सकडे आल्या. संगीतकार हॅन्डेलच्या ‘मसाया’ या धार्मिक गायनकृतीची संहिता रचणारा तोच हा जेनन्स. मग एल्सफर्डच्या उमराव घराण्याकडे, १९१८ मध्ये न्यूमन फ्लॉवर या प्रकाशकाकडे, आणि १९६५ साली शहराच्या ग्रंथालयात. दोनशेहून अधिक वर्षं खासगी कपाटांत! १९७३ मध्ये मायकल टॅलबट या अभ्यासकाने त्या ओळखल्या, आणि त्यांतल्या काही तर जगाला तोवर ठाऊकच नव्हत्या. ग्रंथालयात आल्यावर अवघ्या आठ वर्षांत. संग्रह लोकांसाठी खुला असला की काय होतं, ते मला इथे पुरतं पटलं. भातखंड्यांनी घराण्यांतल्या चिजा मिळवून छापल्या, त्यामागची तळमळही हीच होती.

विवाल्डीच्याच ‘फोर सीझन्स’ या व्हायोलिन-रचनांच्या जुन्या हस्तलिखित प्रतीही इथेच आहेत, प्रत्येक वाद्याची वही वेगळी. हॅन्डेलचा साठा तर इतका मोठा, की त्याला वेगळी भेटच द्यायला हवी.

खाली बाहेरच्या दालनात एक शाळकरी मुलगी हेडफोन लावून डिजिटल पियानोवर तोच तुकडा पुन्हा पुन्हा घोटत होती. शेजारच्या फडताळांत वृंदगानाच्या प्रतींचे गठ्ठे होते. संपूर्ण गायकवृंदाला पुरेल एवढे संच इथून नेता येतात. कुणी मँचेस्टरला जाणार असाल, तर हस्तलिखितांसाठी आधी कळवूनच जा. बाकी ग्रंथालय कुणालाही मोकळं आहे.