वीतभर

ऑफ-रोडिंगला गेलं, रस्ता संपला आणि नुसता कातळ सुरू झाला की गाडीतून उतरायचं आणि दगडाला वीत लावायची. महिंद्रा थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा, २२६ मिलिमीटर, मारुती जिम्नीचा २१०. वीत धरतात नऊ इंचांची, म्हणजे साधारण २२८. मोजमापाची पट्टी हातालाच असल्यावर वेगळी कशाला बाळगायची? दगड वितीत मावला की मंडळी म्हणतात, "जाईल." नाही मावला तर म्हणतात, "ट्राय करून बघ."

हा २२६चा आकडा मात्र कागदावरचा. गाडीत चार धट्टीकट्टी माणसं, मागे आइसबॉक्स, तंबू आणि कुणीतरी हौसेनं घेतलेली लोखंडी शेगडी. ग्रिप मिळावी म्हणून टायरची हवा अठरा-वीस पॉइंटवर आणलेली. आपली वीत तेवढीच राहते, गाडीची बोटभर तरी आखडते. म्हणून नवख्याला पहिला धडा असा देतात की दगड दोन चाकांच्या मधून काढायचा नाही, चाक सरळ दगडावर चढवायचं. मनाला हे पटायला जड जातं, कारण जन्मभर आपण खड्डे-दगड चाकं वाचवत टाळलेले असतात. पण मागच्या अॅक्सलच्या मधोमध डिफरन्शिअलचा, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या गिअरांचा गोळा लोंबत असतो आणि सगळ्यात खाली तोच. चाक वर चढलं की अॅक्सल वर उचलला जातो, त्याच्याबरोबर गोळाही. टायर दगड खाण्यासाठीच असतो, गोळा नसतो.

आता गाडी किती खर्ची घालायची, हा प्रश्न. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला दगड कायम लहान दिसतो. "येऊ दे, येऊ दे, थोडं डावीकडं, बिनधास्त ये!" म्हणणाऱ्याला गाडीचा हप्ता भरायचा नसतो. माझा तर नियमच आहे की स्पॉटरचा, म्हणजे बाहेरून वाट दाखवणाऱ्याचा, डोळा घ्यायचा, हिंमत आपली वापरायची.

आणि माणूस घाबरतो कशाला, तर रेघेला. मुळशीकडे किंवा भोरच्या आत कुठल्याही बैलगाडीच्या वाटेवर घुसा, दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या दारांवरून कर्र कर्र करत नखं ओढतात. नव्या गाडीचा मालक आत बसून प्रत्येक आवाजाला डोळे मिटतो. संध्याकाळी मोबाइलचा उजेड तिरका पाडून रेघा तपासल्या जातात, बोटाच्या नखानं चाचपल्या जातात. नख अडकलं नाही की सुटकेचा निःश्वास, पॉलिशनं जाईल. हाच गृहस्थ त्याच दुपारी ओढ्यात गाडी घालून दोन्ही बाजूंनी पाण्याचे पंख उडवत व्हिडिओ काढून घेत होता, तेव्हा त्याच्या मनाला शंका शिवली नव्हती. पाणी रेघ मारत नाही ना!

पण पाणी काय करतं ते गॅरेजमध्ये पाहावं. तापलेला अॅक्सल थंड ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, हवा सोडायच्या ब्रीदरमधून पाणी आत ओढून घेते. गाडी छान चालत राहते. दोनेक महिन्यांनी मागून बारीक घूं घूं सुरू होते. मग गॅरेजवाला खाली सरपटतो, ड्रेन बोल्ट सैल करतो आणि सोनेरी तेल यायच्या जागी कपात ओतलेल्या कॉफीसारखं फेसाळ, दुधाळ काहीतरी ट्रेमध्ये गळायला लागतं. तो त्यात बोट बुडवतो, अंगठ्यावर घासतो आणि आपल्याकडे न बघता विचारतो, "पाण्यात घातली होती का?" बेअरिंग गेलेलं असतं. दारावरची ती रेघ अजून तशीच असते, आणि तिच्यामुळे एक पैशाचंही काही अडलेलं नसतं.

माझ्या लेखी म्हणून नुकसानीचा हिशोब रुपयांत सुरूच होत नाही. पहिली विचारपूस ही की हे मोडलं तर गाडी स्वतःच्या चाकांवर घरी येईल का. बंपरचा कोपरा गेला, मडगार्ड चेपलं, मागचा दिवा फुटला, येईल. इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरला दगडानं भोक पाडलं, तेल गळून गेलं, नाही येणार. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, काळ्या कातळाच्या धारेनं चिरली, तर एकदा स्टेपनीवर येईल, दुसऱ्यांदा नाही. आणि पंक्चरवाला चिरलेली साइडवॉल दिसली की टायरला हातही लावत नाही. रुपयांत टायर आणि बंपर एका भावात पडत असतील, पण संध्याकाळी सहा वाजता, मोबाइलला रेंज नसलेल्या दरीत, त्यांची किंमत एक नसते.

विम्याचं म्हणाल, तर तो आहे या भरवशावर फार उड्या मारू नयेत. दीड हजार सीसीच्या वरच्या गाडीला क्लेमचे पहिले दोन हजार आपल्याच खिशातून जातात. शिवाय क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, उडतो, आणि तो पहिल्या वर्षाच्या वीस टक्क्यांपासून चढत चढत पन्नासपर्यंत पोचलेला असेल तर एका बंपरसाठी तो घालवणं शुद्ध वेडेपणा. इंजिनात पाणी शिरलं तर साध्या पॉलिसीत तो क्लेम सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट हे जोड-कवच वेगळं घ्यावं लागतं. थारची पाण्यातून जायची क्षमता ६५० मिलिमीटर सांगतात, म्हणजे गुडघ्याच्या वर, मांडीच्या मध्यापर्यंत. पण ते साचलेल्या पाण्याचं झालं. मावळातला आषाढातला ओढा साचलेला नसतो, तो गाडीला बाजूनं ढकलत असतो. आधी काठी घेऊन स्वतः चालत जावं. माणसाला उभं राहता येत नसेल तिथे गाडीला पाठवू नये. आणि मधेच बंद पडली तर परत स्टार्टर मारू नये. सिलिंडरात शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, मग पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो.

खाऱ्या पाण्याची तर गोष्टच सोडा. जून २०२४ मध्ये कच्छमधल्या मुंद्र्याच्या किनाऱ्यावर रीलसाठी दोन थार समुद्रात घातल्या गेल्या आणि तिथेच रुतल्या. आपल्या कोकणातही भरतीच्या वेळी वाळूत अडकलेल्या गाड्यांचे फोटो दर सुट्टीला येतात. ही जोखीम मी जोखमीत धरतच नाही. तिथे ठरवण्यासारखं काही नसतं.

या सगळ्यात सगळ्यात नेमकं बोललेला माणूस ऑफ-रोडवाला नव्हताच. वेल्ह्याच्या बाजूला चढाची एक निसरडी वाट होती, आम्ही खाली उभे राहून कोन, टॉर्क, टायर यांच्यावर तावातावानं बोलत होतो. बांधावर बसलेले एक बाबा बराच वेळ ऐकत होते. शेवटी म्हणाले, "जाईल ओ गाडी. वर जायला काय न्हाय. पावसाचं खाली कशी येनार?" वर गाडी वळवायला जागा नव्हती. भिजल्या मातीवर तेवढाच उतार रिव्हर्समध्ये उतरायचा होता. मुकाट्यानं गाड्या वळवल्या. जाता जाता त्यांनी हेही बजावलं की कडेच्या बांधावरून चाक नेऊ नका, मागच्या खेपेच्या गाड्यांनी तो ढासळवला. आपल्या गाडीचं किती मोडू द्यायचं यावर आम्ही पोटतिडकीनं बोलतो, दुसऱ्याच्या बांधाचं किती मोडू द्यायचं याचा हिशोब मात्र कुणी उघडत नाही. तो आकडा शून्यच असायला हवा, आणि तो ओलांडणारा कितीही पट्टीचा ड्रायव्हर असो, मी त्याच्याबरोबर पुन्हा जात नाही.

"मग जुनी जिप्सी घे आणि हवी तेवढी आपट," असा सल्ला अनेकदा मिळतो. दिसायला बिनतोड आहे. हलकी गाडी, साधी रचना, पत्र्याचं दुःख नाही. घेतलेले लोक बघतो ना मी! दुःख नाही म्हणून ते जिथे थारवाला उतरून वीत लावतो तिथे न उतरता घुसतात. वर्षाअखेर टिंकरवाल्याला दोघांनी दिलेले पैसे जवळपास सारखेच. शिवाय सोसायटीत दुसरं पार्किंग कुठून आणायचं?

त्यामुळे आमच्याकडे एकच गाडी, आणि तिला सोमवारी ऑफिसला, बुधवारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं असतं. माझ्या जोखमीची खरी मर्यादा हा बुधवार आहे. सध्याचा वाद त्याचाच. शोरूममधून चकचकीत फूटबोर्ड लावून मिळाले होते. दगडावर सगळ्यात आधी तेच आपटतात, आणि आपटले की वाकून दाराला भिडतात. मी ते काढून टाकले. आता आईला चढता येत नाही, गुडघे ऐकत नाहीत. म्हणून शुक्रवारी रात्री पार्किंगमध्ये पाना घेऊन फूटबोर्ड काढायचे आणि रविवारी रात्री परत लावायचे असं ठरलंय. एक बोल्ट चिखलानं गंजून आत्ताच फिरेनासा झालाय, आणि आईचं म्हणणं, एवढ्या महागाच्या गाडीत तिला चढायला जर पाट ठेवावा लागणार असेल तर त्यापेक्षा रिक्षा बरी.