वय कोणत्या दिवशीचं मोजायचं?

मुलांच्या खटल्यांत वकिली करते म्हटल्यावर हमखास येणारा प्रश्न तुम्हीही विचारलात: "गुन्हा एवढा भयंकर, मग वय कशाला बघायचं?"

आरोपीला मूल धरायचं की प्रौढ, यासाठी बालन्याय कायद्यात १८ वर्षं लिहिलेली आहेत. पण ती कोणत्या दिवशीची? गुन्ह्याच्या, अटकेच्या, की निकालाच्या? सर्वोच्च न्यायालयाने २००० साली अर्णित दास खटल्यात म्हटलं, मुलाला पहिल्यांदा न्यायालयापुढे हजर करतात त्या दिवशीचं. म्हणजे पोलिसांनी अटकेला उशीर केला की मूल आपोआप प्रौढ! २००५ मध्ये प्रताप सिंह खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे बदललं आणि गुन्ह्याचा दिवस धरला. पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली: वयाचा मुद्दा कधीही मांडता येईल, अगदी शिक्षा कायम झाल्यावरही.

ही तांत्रिक बाब वाटत असेल तर पुण्याचा १९९४ चा खटला बघा. एका घरात सात जणांचा खून झाला होता, त्यांत एक गरोदर बाई होती. १९९८ मध्ये फाशी सुनावली गेली, २००० मध्ये ती कायम झाली. मार्च २०२३ मध्ये राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की त्यातला एक आरोपी तेव्हा साडेबारा वर्षांचा होता. कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृह. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता.

त्या घराचं दुःख या निकालाने कमी होत नाही, आणि तसं कोणी त्यांना सांगूही नये. पण बारा वर्षांच्या मुलाला फाशी देणारं राज्य मला नको आहे. शाळेच्या दाखल्याचा प्रश्न निकालात निघायला इतकी वर्षं लागली, हे मला सर्वात जास्त खुपतं.

२०१५ च्या कायद्याने १६ ते १८ वयोगटातल्या मुलांवर अमानुष गुन्ह्यांसाठी प्रौढांसारखा खटला चालवण्याची वाट उघडली. ती मला पटत नाही. २०२० मध्ये शिल्पा मित्तल निकालाने निदान एवढं केलं, की ज्यांना कायद्यात किमान सात वर्षांची शिक्षा ठरवलेली नाही, ते गुन्हे 'अमानुष' गटातून बाहेर राहिले.

म्हणून अटक झालेल्या मुलाचे आईवडील आले, की घटना ऐकायच्या आधी मी शाळेचा दाखला मागते. पुराव्यात तो पहिला. तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी.