भरूचचा गोल्डन ब्रिज आणि मावशीचा हट्ट

मावशीने पायी नर्मदा परिक्रमा केली त्याला बरीच वर्षं झाली, पण एक गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती. दक्षिण तटाने चालत अंकलेश्वर गाठलं की नदीपल्याड भरूच, मधे एकेकाळी रेल्वेचा असलेला लोखंडी पूल, गोल्डन ब्रिज. आणि परिक्रमेत मैया ओलांडायची नाही. मग पुलाकडे पाठ फिरवून हांसोटमार्गे विमलेश्वर, तिथून भरती बघून होडीने समुद्रातून मिठी तलाई, आणि पुन्हा चालत भरूच. "आता संकल्प पुरा झालाय. मला त्या पुलावरून ने," एवढंच तिचं मागणं.

सुरतेला लग्न होतं. लग्न, जेवणावळी, उकाडा सगळं वगळतो. भरूच स्टेशनबाहेर रिक्षा केली आणि पुलावर शिरलो. शेजारचा नवा नर्मदा मैया पूल व्हायच्या आधीची ही गोष्ट, त्यामुळे दोन्ही गावांची अर्धी वर्दळ याच अरुंद पुलावर. जेमतेम मधोमध पोचलो आणि सगळं ठप्प. पुढे मोटार, मागे मोटार, फटीतून स्कूटरवाले, आणि प्रत्येकाचा हॉर्नवरचा हात काही निघेना. माझं डोकं फिरायला आलं होतं. मावशी मात्र खूश. तिने रिक्षातून हात बाहेर काढला आणि शेजारच्या उभ्या खांबावरच्या रिवेटच्या, म्हणजे पट्ट्या जोडणाऱ्या लोखंडी खिळ्यांच्या, टोप्या चाचपायला लागली. रंगाचे थरावर थर, त्याचे पोपडे उडालेले, लोखंड उन्हाने तापलेलं.

"एवढ्याशा पट्ट्या आगगाडी पेलायच्या?"

वेळच वेळ होता, म्हणून सांगत बसलो. डुगडुगणाऱ्या बाजेला तिरकी काठी बांधली की ती हलायची थांबते, तसंच हे. चौकट वेडीवाकडी होते, त्रिकोण होत नाही. गाडीचा भार आला की वरच्या तुळया दाबल्या जातात आणि खालच्या ताणल्या जातात. दाबलेलं लोखंड वाकायला बघतं, म्हणून ते जाड, पेटीसारखं करतात; ताणलेल्याला सपाट पट्टीही पुरते. मग मावशी एकेक पट्टी दाखवून "ही दाबलेली का ताणलेली?" विचारायला लागली. दोन-तीनदा मी अंदाजानेच ठोकून दिलं.

इथला पहिला पूल बीबीसीआय, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा, 1860 च्या दशकातला. त्या रेल्वेचे इंजिनियर कर्नल केनेडी, त्यांची पद्धत ठरलेली होती: साठ-साठ फुटांचे त्रिकोणी सांगाडे, आणि खाली नदीच्या तळात स्क्रूसारखे फिरवून रोवलेले बिडाचे खांब. स्वस्त आणि झटपट. पण पावसाळ्यातली नर्मदा काय चीज आहे हे परिक्रमेत नर्मदाकाठच्या शूलपाणीच्या झाडीत राहून आलेल्या मावशीला सांगायची गरज नव्हती. पुरात तो पूल पुन्हापुन्हा मोडला. शेवटी 7 डिसेंबर 1877 ला नव्या पुलाचं काम सुरू झालं आणि 16 मे 1881 ला संपलं. आराखडा सर जॉन हॉकशॉ यांचा. इंग्लंडातल्या सेव्हर्न नदीखालच्या बोगद्याचं कामही याच गृहस्थांच्या हाताखाली पुरं झालं. लांबी 1412 मीटर, खर्च 45 लाख 65 हजार रुपये.

"इतने में तो सोने का बन जाता," रिक्षावाला मागे वळून म्हणाला. म्हणून गोल्डन ब्रिज. गावात ज्याला विचाराल तो हेच सांगतो. 1935 मध्ये शेजारी सिल्व्हर जुबिली पूल झाला, गाड्या तिकडे गेल्या आणि हा रस्त्याच्या वाहनांना मिळाला. रेल्वेसाठी बांधलेल्या पुलावरून दोन्ही बाजूंच्या मोटारी सोडल्यावर दुसरं काय होणार, असं मी चिडून म्हणालो. मावशी खाली पाण्याकडे बघून "नर्मदे हर" करत होती, तिने ऐकलंसुद्धा नाही. वाहतूक सुटली तेव्हा तिचा चेहरा पडला, शपथ.

अंकलेश्वरला रिक्षावाल्याने खोळंब्याचे जादा पैसे मागितले. मी देणार नव्हतो, मावशीने पदराची गाठ सोडून दिले. परतताना मी ठाम होतो, आगगाडीनेच जायचं. सिल्व्हर जुबिलीवर गाडी धडधडत शिरली, खिडकीसमोरून तिरप्या तुळया सपासप मागे पळाल्या आणि मावशीने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत भरूच आलंदेखील.

"झाला?" ती माझ्यावरच उखडली. "एवढ्यासाठी रिक्षा नको म्हणालास?"