खुरपं, सरता आणि माझी नळी

दसरा उलटून आठवडा झाला होता. अर्ध्या एकरात फुलगोबी लावायची होती, गादीवाफ्यावरची रोपं तयार होती आणि वहिनी खाटेवर पडून होत्या. कंबर धरली होती. दादानं रोजीनं दोन बायका आणल्या, तिसरी काही मिळाली नाही. म्हणून रविवारी नागपूरहून मी आमच्या कळमेश्वरकडच्या वावरात गेलो. मी हिंगण्याच्या एमआयडीसीत टर्नर-फिटर. लेथसमोर आठ-आठ तास उभं राहायची सवय, त्यामुळे वाटलं, यात काय आहे! तासाभरात धुऱ्यावर येऊन बसलो. सोबतच्या मावशी पन्नाशीच्या पुढच्या, त्या हसून म्हणाल्या, "काय झालं बाप्पा, थकले का?"

बसल्या बसल्या हिशेब केला. ४५ बाय ४५ सेंटीमीटरवर गोबी लावली तर एकरी जवळपास वीस हजार रोपं बसतात. अर्ध्या एकराला दहा हजार. मिरची ६० बाय ४५ वर लावा, तरी एकरी पंधरा हजार होतातच. प्रत्येक रोपामागे एकदा वाकणं, नाहीतर मग दिवसभर वाकूनच सरकत राहणं. आमच्या कारखान्यात पाच किलोचा जॉब, म्हणजे घडवायचा नग, दिवसभर खाली वाकून उचलावा लागला तर सुपरवायझर स्वतः येऊन टेबल उंच करून देतो. वावरात असं टेबल कोण देणार?

परत येताना डोक्यात नळी घोळत होती. उभ्यानं नळी जमिनीत खुपसायची, वरून रोप सोडायचं, खालची चोच उघडायची, नळी उचलायची. चार रात्री झोप लागली नाही, इतकी ती कल्पना आवडली. कारखान्याच्या शॉपमधला एक मित्र म्हणाला, लगेच पेटंट घे, आपल्या सिव्हिल लाइन्समध्येच पेटंट माहितीचं सरकारी ऑफिस आहे. जाण्याआधी मोबाइलवर जरा शोधलं आणि अर्ध्या तासात सगळी हवा निघाली. फिनलंडमध्ये जंगलात रोपं लावायला अशी चोचीची नळी १९७० च्या दशकापासून वापरतात. नाव पॉट्टीपुत्की. पुढे पाहिलं तर भाजीच्या रोपांसाठीही तसल्या नळ्यांचे कितीतरी नमुने. दिवाळीत गोठ्यात काहीतरी शोधताना आढ्याला टांगलेला आजोबांच्या वेळचा सरता दिसला. पोकळ बांबू, वर बी सोडायचं लाकडी चाडं. आजी तो तिफणीमागे धरून तुरीची ओळ पेरायची. वरून सोडायचं आणि खाली मातीत पडायचं, हे तर आमच्याच घरात पन्नास वर्षं टांगलेलं होतं! पेटंटचा विषय तिथेच संपला, आणि बरंच झालं. त्यानंतर कुणालाही काहीही दाखवायला संकोच वाटला नाही.

पहिला नमुना अडीच इंची पीव्हीसी पाइपचा. खाली १८ गेज पत्र्याची दोन पाकळ्यांची चोच, तोंड मिटलेलं असताना गाजरासारखी टोकदार. उघडायला सायकलचा ब्रेक लिव्हर आणि त्याचीच केबल. इतवारीत लोहाओळीतून पत्रा आणला, चोचीचं वेल्डिंग बाहेरून करून घेतलं. त्या पोरानं आर्क इतका वाढवला की पातळ पत्र्याला दोन जागी भोकं पडली. ती मीच शॉपमध्ये बारीक रॉडनं भरली.

वावरात नेला तेव्हा तीन गोष्टी एकाच दिवशी झाल्या. एक, गादीवाफ्यावरून उपटलेली रोपं नळीतून सरळ खाली जातच नव्हती. मुळं लोंबती, पानं पसरलेली, मध्येच आडवी व्हायची. दहापैकी चार तरी उलटी किंवा तिरपी. दोन, ब्रेकचा लिव्हर. दोन-तीनशे वेळा दाबल्यावर माझा फिटरचा हात दुखायला लागला, मग मावशींचा काय होईल? केबलमध्ये बारीक माती शिरून ती अडकायला लागली ते वेगळंच. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट: माती.

आमची माती काळी कसदार. कोरडी असली की भेगा पडतात, सब्बल मारली तरी ढेकूळ निघतं. ओली असली की चपलेला असा लाडू धरते की चालणाऱ्याची उंची वाढते. मधले दोन-चार दिवस वाफसा असतो, तेवढीच काय ती कामाची माती. त्या दिवशी वाफसा जरा ओलसरच होता. पन्नास रोपांत चोचीच्या आत-बाहेर चिखल बसला, पाकळ्या मिटेनात. आणि नळी वर ओढली की लावलेलं रोपच परत नळीत! घट्ट ओल्या मातीतून टोक बाहेर निघताना खाली हवा जायला जागा नसते, इंजिनातल्या पिस्टनसारखी ओढ बसते आणि रोप वर येतं. दादा काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं वाटलं असतं.

दुसरा नमुना मी चिडून बनवला. सगळं लोखंडी, केबलऐवजी आठ एमएमचा रॉड, जाड पत्रा, वर छान निळा रंग. वजन भरलं पाच किलो दोनशे ग्रॅम. दिवसभर हजारो वेळा पाच किलो उचलायचं तर त्यापेक्षा वाकलेलं बरं. मावशींनी एकदाच उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. "हे मशीन हाय का सब्बल?" निळ्या रंगानं तर माती आणखीच धरली. त्यावर दादानं पहिल्यांदा तोंड उघडलं: "फाळ कधी रंगवते का कोणी? घासून चमकला की मंग माती सोडते." मी पंचवीस वर्षं लोखंडात काढली, पण हे काही सुचलं नव्हतं.

खरी गाठ सुटली ती मात्र जानेवारीत, टमाटरच्या लागवडीत. मी नळी घरीच ठेवली होती, नुसतं बसून मावशींचा हात पाहत होतो. मोबाइलवर हळू गतीत शूटिंग केलं. त्या खुरपं मातीत उभं खुपसतात, मूठ स्वतःकडे ओढतात, खुरप्याच्या पाठीमागे फट पडते. डाव्या हातानं रोप त्या फटीत धरतात आणि खुरपं काढून घेतात. माती आपोआप रोपावर येते. मग दोन बोटांनी दाब. सगळं मिळून चार-पाच सेकंद. म्हणजे त्या खड्डा करतच नव्हत्या! मी तीन महिने ड्रिल करावं तसं गोल भोक पाडत बसलो होतो. गाजरासारखी चोच चारी बाजूंनी माती दाबते, भोकाच्या भिंती गुळगुळीत होतात, काळ्या मातीत तर मडक्यासारख्या. त्या भिंती मिटत नाहीत, रोपाभोवती पोकळी राहते, मुळं सुकतात. पहिल्या नमुन्यानं लावलेली रोपं पाणी देऊनही का मेली, ते तेव्हा कळलं. आपल्याला माती उघडायची होती आणि परत मिटायची होती.

मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "मंग आमाले इचारलं काहून नाही?" याला उत्तर नव्हतं.

तिसऱ्या नमुन्याची चोच चपटी केली, पाचरीसारखी. एक पाकळी पक्की, जवळपास उभी. दुसरीच फक्त हलते, खुरप्यासारखी माती एका बाजूला ढकलते. हलणाऱ्या पाकळीला उभ्या दोन खिडक्या कापल्या, नळी उचलताना तिथून हवा आत जाते, रोप वर येत नाही. पाकळ्या स्टेनलेसच्या, बफिंग करून आरशासारख्या, रंग कुठेही नाही. टोकापासून सहा सेंटीमीटरवर आडवी पट्टी, पाहिजे तर वर-खाली करता येते, म्हणजे खोली सगळीकडे सारखी. बाकी नळी पुन्हा पीव्हीसीची. रॉड सहा एमएमचा, त्याला वर लांब दांडी, चार बोटांऐवजी अख्ख्या तळहातानं दाबायची. पाकळी मिटायला स्कूटरच्या साइड स्टँडची स्प्रिंग, कारण ती तुटली तर कोणत्याही गॅरेजात मिळते. सगळे बोल्ट १३ नंबर पान्याचे. ट्रॅक्टरवाल्याकडे दुसरं काही असो नसो, तो पाना असतोच. वजन दोन किलो आठशे.

उंचीची चूक उशिरा लक्षात आली. मूठ मी माझ्या कोपराच्या मापानं बसवली होती आणि मी पाच फूट आठ इंच. वहिनींच्या हातात ती छातीपाशी येत होती. मग दांडीला पाच-पाच सेंटीमीटरवर भोकं पाडून दिली.

रोपांचा प्रश्न मात्र यंत्रात सुटलाच नाही. पानं गुंडाळून पाहिली, मुळांना शेणकाल्यात बुडवून वजन दिलं, काही जमलं नाही. शेवटी हट्ट सोडला. ही नळी प्रोट्रेच्या रोपांसाठीच आहे. ९८ कप्प्यांच्या ट्रेमधलं रोप कोकोपीटच्या गठ्ठ्यासकट निघतं, गठ्ठा जड असतो आणि तोच आधी खाली जातो, रोप बाणासारखं उभं पडतं. अट एकच, ट्रेला आदल्या दिवशी भरपूर पाणी द्यायचं आणि लावताना वरचं पाणी निथळलेलं पाहिजे. दहा हजार रोपांना शंभरावर चार-पाच ट्रे लागतात. ट्रे दोन-तीन हंगाम चालतात, पण पहिल्या वर्षी खिशाला लागतात, आणि नर्सरीतून रोपं घ्यावीत तर त्याचे वेगळे पैसे. ज्याच्याकडे अर्धा एकरच ओलित आहे, त्याला हे आधी सांगायला पाहिजे. आता नळी कुणी मागितली तर मी पहिल्यांदा विचारतो, रोपं ट्रेची आहेत का? नसतील तर नेऊ नका म्हणतो.

ट्रे हातात धरून नळी चालत नाही. मी पोटाला अडकवायची पत्र्याची तबकडी बनवली होती, ती वहिनींनी दोन मिनिटांत काढून टाकली. त्यांनी खताच्या चुंगडीची ओटी शिवली, कापूस वेचताना बांधतात तशी. खाली जाड पुठ्ठा, आत पन्नास-साठ रोपं काढून ठेवायची. अजून तीच चालते.

पुढच्या ऑक्टोबरात, परत फुलगोबीलाच, पक्की चाचणी घेतली. एका सरीवर मावशी खुरप्यानं, शेजारच्या सरीवर दुसऱ्या बाई नळीनं, मी मोबाइल लावून दहा-दहा मिनिटं मोजत होतो. सकाळी मावशींनी मिनिटाला नऊ रोपं लावली, नळीनं सात. मी मनातून खचलो. दादा म्हणाला, "थांब न जरा." जेवणानंतर परत मोजलं: खुरपं सात, नळी सात. चार वाजता खुरपं साडेपाचवर आलं, आणि नळी तेव्हाही सातवरच. दिवसाची बेरीज जवळपास सारखीच भरली. म्हणजे या नळीनं मजूर वाचत नाही, वेळही फारसा वाचत नाही. संध्याकाळी कंबर कशी असते, एवढाच फरक. त्या दिवशी वहिनींनी दोन तास नळी चालवली, वर्षभरात पहिल्यांदा लागवडीला हात लावला.

एक काम मात्र पायाचं राहिलं. नळी काढली की रोपाच्या दोन्ही बाजूंनी टाचेनं माती दाबायची. ते विसरलं की रोप डुलतं. लगेच पाणी, आणि तीन-चार दिवसांनी आंबवणीचं दुसरं पाणी, हे नेहमीसारखंच. आठव्या दिवशी मोजलं तेव्हा नळीच्या सरीत शंभरातली सहा गेली होती, खुरप्याच्या सरीत चार. सहातली बरीचशी मीच लावलेली होती, असं मावशींचं म्हणणं.

सध्या गावात अशा पाच नळ्या आहेत. एका नळीला सामानाचे चौदाशे-पंधराशे रुपये लागतात, मजुरी मी घेत नाही, रविवारीच बनवतो. एका शेजाऱ्यानं ती कपाशीत खाडे, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला नेली, तिथे छान चालली. दुसऱ्यानं वाफ्यावर अंथरलेल्या मल्चिंग पेपरवर सरळ खुपसली आणि हातभर पेपर फाडून घेतला. त्यावर आधी भोकं पाडून घ्यावी लागतात, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. मिरचीचा घोळ अजून आहे. चाळीस दिवसांचं रोप उंच होतं, फांद्या नळीच्या तोंडाशी अडकतात. त्यासाठी वर चाड्यासारखं रुंद तोंड बसवून पाहतोय. आजोबांच्या सरत्याचं चाडं मोजायला काढून आणलं, ते सध्या माझ्या बेंचवर आहे आणि दादा दर आठवड्याला विचारतो, परत केव्हा टांगणार.