स्क्रीनचा फोटो काढल्याशिवाय निघायचं नाही

तासगावला काकांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. भारनियमनाच्या दिवसांत वाइंडिंगपेक्षा इन्व्हर्टर-बॅटरीचीच कामं जास्त यायची. डिस्टिल्ड वॉटर भरणं, हायड्रोमीटरने ॲसिड तपासणं मी तिथेच शिकलो. वीज गेल्यावर घराला आधार देते ती बॅटरी, एवढीच तेव्हा माझी समज होती. २०१३ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला आलो तेव्हाही तीच.

ती बदलली २८ सप्टेंबर २०१६ ला. मी एका कंत्राटदाराकडे पगारावर होतो. दुपारी वादळ आलं आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. साडेआठ लाख ग्राहक! सिग्नल बंद, ट्राम बंद. घरी पोचायला मला तीन तास लागले. दुसऱ्या दिवसापासून लोक पवनचक्क्यांवर तुटून पडले. त्याच वर्षी मे महिन्यात पोर्ट ऑगस्टाचं, राज्यातलं कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र बंद झालं होतं, त्यामुळे पवनचक्क्यांना दोष देणं सोपं होतं.

मला मात्र चौकशी अहवाल वाचल्याशिवाय चैन पडेना. उत्तरेकडे वादळाने उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे आडवे केले आणि व्होल्टेज लागोपाठ कोसळत राहिलं. थोड्या वेळात अमुक इतक्या वेळा व्होल्टेज पडलं की यंत्राने मागे हटायचं, म्हणजे वीज देणं कमी करायचं, असं अनेक पवनचक्क्यांच्या नियंत्रणात भरलेलं होतं आणि ग्रिड, म्हणजे विजेचं सगळं जाळं, चालवणाऱ्यांना त्याची कल्पनाच नव्हती. सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॅट गेले. सगळा भार शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याकडून येणाऱ्या वाहिनीवर आला आणि तीही तुटली. म्हणजे वारा होता, चक्क्या धडधाकट होत्या. घात केला एका सेटिंगने. पुढे ती सेटिंग बदलली आणि त्याच चक्क्या आजही वीज देताहेत. घरोघरी सोलर आणि बॅटरी बसवण्याच्या आमच्या धंद्याचं बी त्या वाचनात पडलं, असं मी मानतो.

१ डिसेंबर २०१७ ला जेम्सटाउनजवळ हॉर्न्सडेलची बॅटरी सुरू झाली. एका वेळी १०० मेगावॅट देणारी, १२९ मेगावॅट-तास साठवणारी. तेव्हा लिथियमची जगातली सर्वांत मोठी. एवढ्यावर अख्खं राज्य काही मिनिटंच चालेल, म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. पण ती राज्य चालवायला बसवलेलीच नव्हती. दोन आठवड्यांत व्हिक्टोरियातला ५६० मेगावॅटचा कोळशाचा संच अचानक पडला आणि ग्रिडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेचा ठरलेला ठेका, घसरू लागली. तेव्हा या बॅटरीने क्षणार्धात वीज सोडली. काही मेगावॅटच, पण वाफेवरची यंत्रं जोर धरायच्या आत. ग्रिडमध्ये पहिल्या सेकंदाला जी किंमत आहे, ती मला त्या दिवशी कळली.

२०१८ मध्ये नोकरी सोडली. एक जुनी व्हॅन घेतली, हिशेब बायकोकडे दिले. त्याच ऑक्टोबरात राज्य सरकारने घरगुती बॅटरीला अनुदान सुरू केलं. पहिलं वर्ष कठीण गेलं; ते खोलात जाऊन सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या वर्षी जुने ग्राहकच पुढचे ग्राहक आणू लागले.

एक चूक मात्र सांगितलीच पाहिजे. डिसेंबर २०२१ पासून इन्व्हर्टरसाठी, म्हणजे सोलर-बॅटरीची वीज घरात आणि ग्रिडमध्ये चालेल अशी करणाऱ्या यंत्रासाठी, नवं मानक लागू झालं. बसवताना पडद्यावर 'ऑस्ट्रेलिया ए' निवडायचं, म्हणजे व्होल्टेज थोडं हललं तरी इन्व्हर्टर टिकून राहतो. काही महिन्यांनी आमच्या एका ग्राहकाच्या घरी जुनीच सेटिंग सापडली. माझ्याच हातची. त्या रात्री झोप लागली नाही. एका घराच्या पाच किलोवॅटने काही बिघडत नाही. पण अशी लाखभर छतं एका झटक्याला मागे हटली तर २०१६ पुन्हा समोर उभं राहील. नव्या नियमानंतर बसवलेलं प्रत्येक घर आम्ही फिरून तपासलं, एक पैसा न घेता. महिना गेला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये टेलम बेंडजवळ वीजवाहिनीचा मनोरा पडला आणि आठवडाभर राज्य पूर्वेकडच्या ग्रिडपासून तुटलं. जास्तीची वीज बाहेर पाठवायला वाट नव्हती, म्हणून दुपारी छतावरचं सोलर आवरावं लागत होतं. फोन थांबेनात. "ऊन पडलंय आणि माझं सोलर बंद का?" एका आजींना मी दूध उतू जायचं उदाहरण दिलं: पातेलं भरलंय, बाहेर ओतायला जागा नाही, मग आच कमी करायची. बॅटरी म्हणजे दुसरं पातेलं. आजींनी पुढच्या महिन्यात ते पातेलं घेतलं.

जुलै २०२५ पासून केंद्र सरकारचंही अनुदान आलं आणि मागणी उसळली. दिवसाला दोन-तीन घरं उरकणारे आहेत. आम्ही एकच करतो. काम संपल्यावर सेटिंगच्या पडद्याचा फोटो ग्राहकासमोर काढायचा, त्याच्या फाइलला लावायचा, मगच व्हॅन सुरू करायची. यंदा आलेल्या शिकाऊ मुलाला पहिला महिना ड्रिल दिलीच नाही. मीटर आणि पडदा, एवढंच. तो वैतागला होता. मागच्या गुरुवारी त्यानेच मला थांबवलं, "साहेब, फोटो राहिला."