पट्ट्याखालचा घाम
सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी) असलेल्या मुलांना लोकोमॅटवर, म्हणजे ट्रेडमिलवर पाय हलवून चालवणाऱ्या रोबोटवर, चालवताना आज रत्नागिरीच्या दमट हवेने पुरतं जेरीस आणलं. कफखाली, म्हणजे रोबोटला पाय बांधायच्या पट्ट्याखाली, घाम साचतो, कातडी मऊ पडते, मग मांडीच्या आतल्या बाजूला लाल वळ उठतो. पालकांनो, लांब सुती लेगिंग घाला, त्याची शिवण पट्ट्याखाली येऊ देऊ नका. अर्ध्या तासात लाली गेली नाही तर आम्हाला नक्की सांगा.

माप चुकलं तरी हेच होतं. लोकोमॅटच्या मुलांसाठीच्या लहान यांत्रिक पायांसाठी मुलाची मांडी 21 ते 35 सेंमी हवी, खुब्याच्या बाहेरच्या हाडापासून गुडघ्याच्या सांध्यापर्यंत. यंत्राचा सांधा गुडघ्यासमोर नसेल तर कफ पावलागणिक घासतो.

मूल त्याला वरून पेलणाऱ्या दोरीवर नुसतं लटकत असेल तर वजनाचा आधार, म्हणजे दोरीने उचललेला भार, कमी करायचा. गुडघा दुमडायला लागला की कमी करणं थांबवायचं. पाय अचानक ताठरला की यंत्र आपोआप बंद पडतं. तो बिघाड नव्हे! पाय सैल होऊ द्या, वेग उतरवा, पुन्हा सुरू करा.

आणि यंत्रावरून उतरल्यावर दहा मिनिटं जमिनीवर चालवाच. घरची जांभ्याची पायरी ट्रेडमिलसारखी सपाट नसते.